चार भोकांची चाकं

माझ्या गाडीच्या चाकाला चार नट होते, नागपूरच्या माणसाकडच्या चाकाला चार भोकं होती. मी दोन्ही मोजली आणि चाकं घेऊन आलो.

त्याहून जास्त काही पाहायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. होऊन गेलेल्या चुकांचा माझा अभ्यास दांडगा आहे. होऊ घातलेल्या चुका मला ओळखू येत नाहीत. आणि त्या चाकांपुढे कोणाला काय ओळखू आलं असतं! अ‍ॅलॉयची चाकं. जुनी, पण अशी चकचकीत की मी वाकून पाहिलं तर दर आरीत मला माझा एकेक चेहरा दिसला, आणि सगळे चेहरे खूश होते. माझी गाडी लहानशी, लाल, काळ्या लोखंडी रिंगांची. रिंगांवरच्या प्लास्टिकच्या टोप्यांपैकी एक सेलूच्या रस्त्यावर उडून गेलेली, म्हणजे गाडी एका बाजूनं सभ्य आणि दुसऱ्या बाजूनं बोडकी. विकणारा म्हणाला, "सर, आराम से बैठेगा." मी विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "चार का चार है ना?" मी पुन्हा मोजली. चार.

गोष्ट इथंच संपली असती तर ती माझी एकट्याची फजिती ठरली असती आणि मी ती कोणाला सांगितली नसती. पण तेव्हा मी बोरगाव मेघेत एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो, आणि खाली घरमालक राहत होते. माझ्या साध्या चुकीचा त्यांनी सोहळा केला.

घरमालकांना मी काका म्हणायचो. उंच, वाळके, दोन खिशांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि दोन्ही खिशांत कायम काहीतरी असायचं: नळाची चकती, दाराची कडी, कुलपाची अर्धी किल्ली. उभं आयुष्य त्यांनी एका सरकारी कचेरीत काढलं होतं. तिथून ते पेन्शन घेऊन आले आणि एक पक्की खात्री घेऊन आले. "कागदावर सगळं बसते, प्रोफेसर," ते म्हणत. "कागदावर तं नदीत प्लॉट पडते. जागेवर बसलं पाह्यजे." मी प्रोफेसर नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी तसं दोनदा सांगितलंही होतं. ते म्हणाले, "अबे, म्हनून तं पाहू. बसते का."

बसते का! ह्या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालायचा. जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या वस्तूला लावून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. खिडकीची काच फुटली तर ते माप नेत नसत, अख्खी खिडकी चौकटीतून काढून सायकलवर बांधून नेत. कुकरची रिंग आणायला गेले तेव्हा कुकर नेला, आणि कुकरमध्ये वरण होतं. दुकानदार म्हणाला, "काका, वरण तं काढून आनाचं." काका म्हणाले, "रोज वरनासकटच बसवा लागते ना? मंग?" दुकानदारानं रिंग वरणासकटच बसवून दिली.

मला खोली देतानाही त्यांनी असंच केलं. एप्रिलचा महिना, वर्ध्याचं ऊन, डोक्यावर तापलेला स्लॅब. मी वडनेरहून बॅग घेऊन आलो होतो, भाडं विचारलं. काका म्हणाले, "भाड्याचं मंग पाहू. पह्यले एक घंटा झोपून दाखव." त्यांनी खाट टाकली, पंखा बंद केला, दार लोटलं. मी गादीवर शिजत पडलो. तासाभरानं ते आले, माझ्याकडे न बघता चादरीवर तळहात दाबला, किती भिजली ते पाहिलं, आणि म्हणाले, "टिकशीन."

त्यांच्या कूलरची कथा तर सगळ्या बोरगावला माहीत होती. आमच्याकडे मार्च लागला की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात, खस बदलतात, एका ठरलेल्या खिडकीला लागतात, संपलं. काकांचा कूलर दर वर्षी घरातली प्रत्येक खिडकी फिरायचा. पाणी भरून, चालू करून, समोर माणूस बसवून. एका साली तो सगळ्यात चपखल बसला न्हाणीघराच्या खिडकीत. काकांनी निकाल मानला. त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरातली सर्वांत थंड जागा न्हाणीघर होती. दुपारी काकू तिथं पाटावर बसून गहू निवडत, आणि कोणाला आंघोळ करायची असली तर आधी गव्हाला उठवावं लागे.

काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं काकूंचं आहे. बाई ठेंगणी, गोरी, अत्यंत कमी बोलणारी. त्यांच्या कमी बोलण्याला मी बरेच दिवस स्वभाव समजत होतो. मग शेजाऱ्यांकडून बंगईची गोष्ट कळली.

बंगई म्हणजे झोपाळा. काकूंचं माहेर आष्टीचं, संत्र्याच्या बागेवाल्यांचं. सात वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावानं, बापूनं, तिथं नवं घर बांधलं. वास्तूच्या दिवशी ओसरीत नवी सागवानी बंगई टांगलेली. पाहुणे जमलेले. काकांनी बंगईकडे पाहिलं, कड्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "एवढं वजन घेते का?" बापू म्हणाले, "घेते ना, भाऊजी." आता "घेते" हा शब्द काकांपुढे उच्चारायचाच नसतो. त्यांनी एकेक करून बंगईवर पाहुणे बसवले. जाडजूड पाहून निवडले. सगळ्यात शेवटी बापूंचे नवे व्याही बसवले, आणि स्वतः झोका दिला. कडी छतातून निघाली. व्याही खाली, व्याह्यांवर बाकीचे. कोणाला फार लागलं नाही, पण व्याह्यांचा फेटा तुळशीत जाऊन पडला आणि सगळी ओसरी हसली. ते हसणं बापूंना लागलं. सगळ्यांसमोर ते काकांना म्हणाले, "आजच्यानं माह्या घरी काई लावून पाह्याले येऊ नका."

काकू उठल्या आणि काकांबरोबर निघून आल्या. माझ्या माणसाला जिथं असं बोलतात तिथं मी जाणार नाही, असं भावाला सांगितलं. आणि घरी आल्यावर नवऱ्याशीही बोलायचं बरंच कमी केलं. दोन्हीकडे न्याय सारखा. सात वर्षं त्या आष्टीला गेल्या नव्हत्या.

मग त्या वर्षी बापूंची मुलगी स्वतः आपल्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. चप्पल न काढता दारातच उभी राहून म्हणाली, "आत्या, तू नाई आली तं मी मांडवात उभी राह्यत नाई. मंग तूच पाह्य." काकूंनी पत्रिका घेऊन देवापुढे ठेवली. संध्याकाळी त्या वर आल्या, पहिल्यांदाच माझ्या खोलीत, आणि म्हणाल्या, "सर, तुमची गाडी मिळन का? एसटीत उभं राहून नाई जायचं मले माहेरी. आता नाई."

मी म्हणालो, "काकू, गाडी तुमचीच आहे."

आता सांगा, इतक्या मोठ्या शब्दानंतर माणूस बोडक्या चाकाची गाडी नेईल काय? सात वर्षांनी बाई माहेरी जाणार, दारात गाडी थांबणार, सगळी आष्टी बघणार. मला रात्रंदिवस चकाकती चाकंच दिसायला लागली. फोनवर ती नागपूरची जाहिरात दिसली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी जाऊन चाकं घेऊन आलो.

तिथवरही ठीक होतं. पण मला दम कुठला! नुसत्या रिंगा होत्या, टायर नव्हते. मी सरळ नाक्यावरच्या टायरवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, माझे टायर काढ, ह्यांच्यावर चढव. त्यानं विचारलं, "सर, आधी एक लावून पाहू काय?" मी म्हणालो, "पाह्यचं काय त्यात? चार का चार आहे."

त्यानं गाडी विटांवर ठेवली, चारही टायर जुन्या रिंगांवरून उतरवून नव्यांवर चढवले, हवा भरली. मी फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. आणि मग त्यानं पहिलं चाक उचलून बोल्टांवर धरलं.

एक बोल्ट भोकात शिरला. त्याच्या समोरचा बोटभर बाहेर राहिला. चाक फिरवून दुसरा घातला, तर पहिला बाहेर. मी म्हणालो, जोर लाव. त्यानं लावला. मी लावला. दोघांनी लावला. भोकं चारच होती, पण ज्या गोलावर ती पाडली होती तो गोल माझ्या गाडीच्या बोल्टांच्या गोलाहून मोठा होता. हे जोरानं बदलत नाही.

"ठीक आहे," मी म्हणालो, "टायर परत जुन्यावर चढव." त्यानं मशीनचं बटन दाबलं. मशीन गप्प. "सर, लाइन गेली." कधी येईल? "दुरुस्ती आहे म्हने. आली तं संध्याकाळी, नाई तं उद्या."

उद्या सकाळी काकूंना आष्टीला पोचायचं होतं.

मी काकांना फोन लावला. ते सायकल मारत आले. विटांवर उभी गाडी पाहिली, नवी चाकं पाहिली, वाकून एक चाक बोल्टांना टेकवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी आनंद हाच शब्द वापरेन. "प्रोफेसर! भोकं चार आहे, पन फाकून आहे!"

"काका, आता कसं करायचं?"

"कसं काय? हे चाक कोनाच्या तरी गाडीचं आहे. फक्त कोनाच्या, थे पाह्यचं." उद्या लग्नाची दाट तिथी होती. भाड्याच्या गाड्या केव्हाच अडकल्या होत्या, आणि घरच्या गाडीला कोणी सहज हो म्हणणार नव्हतं. पण काकांचा हिशेब वेगळा होता. "नवं चाक कोनाच्या गाडीले चपखल बसलं, का त्याचा जीव अडकते. त्याले म्हनू, चाकं तू ठेव, उद्याच्या दिवस गाडी आमाले दे. चाल!"

आणि ते निघाले. भर दुपार, कॉलनी गाढ झोपलेली, आणि हा पासष्टीचा माणूस एक चकचकीत चाक हातानं थापट्या मारत रस्त्यानं पळवतो आहे. मागं मी, खांद्यावर जॅक. माझ्यामागं टायरवाला, हातात पाना. त्याची लाइन गेलेली, त्याला दुसरं काम नव्हतं.

पहिलं घर निवृत्त हेडमास्तरांचं. ते बनियनवर बाहेर आले. "काय गडबड आहे? झोपलो होतो मी."

"तुमी झोपा ना, सर," काका जॅक लावत म्हणाले, "आमी फक्त चाक काढतो."

हेडमास्तर झोपले नाहीत. त्यांच्या गाडीला भोकं जुळली, पण चाकाच्या मधलं मोठं भोक गाडीच्या मधल्या उंचवट्यावर जाईना. काका त्या उंचवट्याला बेंबी म्हणायचे. "हुकलं! बेंबी मोठी आहे." बनियनवरच हेडमास्तर आमच्यात सामील झाले. पुढच्या घरच्या वहिनी खिडकीतून ओरडल्या, "काका, आमच्या गाडीले काय झालं?" काका म्हणाले, "अजून काई नाई झालं, वहिनी!" त्यांच्या गाडीला भोकं माझ्यासारखीच जवळजवळ. एका गाडीला तर तीनच बोल्ट निघाले. काकांनी तिच्याकडे फार करुणेनं पाहिलं आणि चाक न लावताच तिचा दरवाजा थोपटला.

गल्ली जागी झाली. लोक आपापल्या गाडीच्या किल्ल्या घेऊन बाहेर यायला लागले. "आमच्या गाडीले पाह्य ना, काका!" मला काय वाटत होतं म्हणून सांगू! माझी इज्जत गेली होती, गाडी विटांवर होती, आणि तरी दर घरासमोर जॅकची दांडी फिरताना छाती धडधडायची. बसेल! ह्याला बसेल!

आणि बियाण्याच्या दुकानदाराच्या गाडीला ते बसलं. चारही बोल्ट चारही भोकांतून असे बाहेर आले जसे दारातून पाहुणे. टाळ्या! दुकानदाराचा जीव खरोखर अडकला. लगेच बाकीची तीन चाकंही आणली, चढवली. तो हरखून म्हणाला, "घेऊन जा उद्या गाडी. मी पुतन्यासंगं जाईन लग्नाले."

मी काकांना म्हणालो, "झालं, काका! बसलं!"

"कुठं बसलं? लागलं म्हन. बसलं का नाई थे भरल्यावर समजते."

त्यांनी गाडी भरली. हेडमास्तर पुढं, मागं कॉलनीतले तीन सर्वांत भारदस्त गृहस्थ, आणि डिकीत गव्हाचा कट्टा, म्हणजे पोतं. दुकानदाराला म्हणाले, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे घे आणि गतिरोधकावरून ने. गाडी वळली, चढली, उतरली, आणि आतून आवाज आला, घर्रर्र! सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. चाक आतल्या बाजूला टायरसकट घासत होतं.

"काका, थोडंसंच तं घासते," दुकानदार रडवेला झाला. काका म्हणाले, "आर्वीच्या वळनावर थे थोडं नाई राह्यत, भाऊ." आणि चाकं उतरवली.

आम्ही परत नाक्यावर आलो तेव्हा काकू तिथं उभ्या होत्या. हातात आष्टीला न्यायचा गोरसपाकचा, वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा डबा, दुकानातून नुकताच आणलेला. त्यांनी विटांवरची गाडी पाहिली. चाकं पाहिली. काकांकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "उद्या जाऊन राह्यलो ना आपन, सर?"

मी त्यांच्या हातातला डबा आपल्या हातात घेतला. तेवढ्यात टायरवाल्याच्या मशीननं आपोआप खाकरल्यासारखा आवाज केला. लाइन आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, त्याच काळ्या लोखंडी रिंगांवर, त्याच तीन टोप्या लावून. डिकीत मात्र चारही अ‍ॅलॉय रिंगा होत्या, कारण काकांनी ऐकलं नाही. "वाटेत कोनाची गाडी भेटते का मालूम." काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आष्टीत काई लावून पाह्यचं नाई. हात खिशात." आणि मला, "सर, लक्ष ठेवजा." तळेगाव येईपर्यंत गाडीत एवढंच बोलणं झालं.

मांडवात काकूंना बायांनी असं गिळून टाकलं की मला त्यांचा नुसता पदर दिसला. आतून रडण्याचा आणि हसण्याचा एकच आवाज येत होता. बापू दारात उभे होते. काकांना पाहून त्यांनी मान हलवली. काकांनीही हलवली. तेवढंच.

काका हात खिशात घालून खुर्चीवर बसले. त्या माणसाचे हाल मला पाहवत नव्हते. खुर्चीचा एक पाय आखूड होता. ते डुगडुगत राहिले पण वाकून पाहिलं नाही. मांडवाचा एक खांब तिरपा होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. ओसरीत तीच बंगई होती, नव्या जाड साखळीवर. तिच्याकडे त्यांनी पाठ केली. मी लक्ष ठेवून होतो. मग लग्न लागून पंगत वाढली, पानावर आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी आली, आणि माझं लक्ष पानावर गेलं. वर पाहिलं तर खुर्ची रिकामी.

मी धावलो. घरामागं संत्र्याच्या झाडांच्या सावलीत बापूंची लहान पांढरी गाडी उभी होती, झेंडूच्या माळांनी मढवलेली. नवरी-नवरदेव ह्याच गाडीतून निघणार होते. तिच्या मागच्या चाकाशी काका उकिडवे बसलेले. शेजारी माझी एक रिंग. हातात पाना.

"काका! काकूंनी काय सांगितलं होतं!"

"चूप." ते इतक्या हलक्या आवाजात बोलले की मी खरोखर गप्प झालो. त्यांना हलकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मी पाना दाबलाच नाई, प्रोफेसर. नुसता ठेवला. नट फिरला." त्यांनी दुसऱ्या नटाला बोटं लावली. तोही फिरला, बाटलीच्या झाकणासारखा.

मी बुंदीचा खरकटा हात शर्टालाच पुसला आणि खाली बसलो.

"काय करून राह्यले, भाऊजी?"

मागं बापू उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला पळावंसं वाटलं. सात वर्षांपूर्वी हाच चेहरा असणार. पोरीच्या वरातीची गाडी, आणि हा माणूस पाना घेऊन! काका उठले, आणि हातातला नट बापूंच्या तळहातावर ठेवला. "हातानं निघाला, बापू."

बापूंनी वाकून स्वतः तिसरा नट फिरवला. तो फिरला. "कालच टायर नवे टाकले," ते स्वतःशीच म्हणाले. "घाईघाईत टाकून गेले असन." मग ते तिथंच मातीत बसले, नव्या धोतरासकट. ह्याच गाडीतून तासाभरात त्यांची मुलगी जाणार होती. नट काकांच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "बाकीचे तीनही चाकं पाहून घ्या, भाऊजी."

काकांनी चारही चाकांचे नट आवळले. पान्यावर उभं राहून आवळले, बापूंना पान्यावर उभं केलं, मला उभं केलं. एकाही नटाला शंका घ्यायला जागा उरली नाही. मग बापूंची नजर रिंगेकडे गेली. "हे चमकदार काय आनलं?"

"चाक आहे. प्रोफेसरचं. त्याच्या गाडीले नाई बसलं."

"मंग इथं लावून पाह्यचं होतं ना."

"तू नाई म्हनलं होतं."

"कवा?"

"सात साल झाले."

बापू हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "आता हो म्हनतो. लावा!"

मांडवात पाठवणीची वाजंत्री सुरू झाली होती, आणि इकडे नवरीचा बाप जॅकची दांडी फिरवत होता. चाक निघालं. काकांनी रिंग उचलली, बोल्टांना टेकवली. चार बोल्ट चार भोकांतून आरपार. बेंबी जागच्या जागी. काकांनी हातानं रिंग फिरवली. ती आवाज न करता फिरली, फिरत राहिली, आणि दोघं म्हातारे तिच्याकडे असे पाहत होते जसं तिच्यात काही दिसत होतं. मी ओरडलो, "बसलं!" काका म्हणाले, "लागलं. बसते का थे वरात गेल्यावर मानसं भरून पाहू." आणि बापू म्हणाले, "व्याह्याले बोलावतो."

वरात काळ्या रिंगांवर सुखरूप गेली. गाडी परत आल्यावर बापूंनी तिचेच टायर नव्या रिंगांवर चढवून आणले, खरोखर त्या बंगईवाल्या व्याह्यांना मागं बसवलं, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, गाडी अंगणातल्या ओट्याच्या कडेवरून नेली. कुठं घासलं नाही. चाकं आष्टीतच राहिली. माझ्या डिकीत संत्र्यांचे कट्टे आले, आणि मी नको नको म्हणत त्यांना नीट जागा करून दिली.

ऊन उतरल्यावर सगळे ओसरीत बसलो. बंगईवर काकू बसल्या होत्या, एकट्या, पायानं हळू झोका घेत. काका समोर उभे राहून कड्यांकडे पाहत होते. काकूंनी बाजूला सरकून जागा केली. "बसा आता," त्या म्हणाल्या. "घेते थे." काका बसले, आणि पहिल्यांदाच कुठल्यातरी गोष्टीवर त्यांनी सांगितल्याबरोबर विश्वास ठेवला.

बापूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "पन सर, घेताना तुमी पाह्यलं काय होतं?"

"पाह्यलं ना," मी म्हणालो. "गाडीले चार नट होते, चाकाले चार भोकं होती. नीट मोजली. दोनदा."

दोन दिवसांत काकूंनी ह्या चाकांबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्यांनी झोका थांबवला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या शर्टाच्या बटणांशी येऊन थांबल्या, आणि म्हणाल्या, "चार भोकं तं शर्टाच्या गुंडीलेही राह्यते, सर. थेच लावून आले असते."